झाडावरच्या माणसाची भीती आणि खालच्या माणसांची घाई

सभासद बंधू-भगिनींनो,

पाऊस ओसरला आणि दसरा जवळ आला की आपल्या भागात एक काम दरवर्षी निघते. फडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या, बांधावरच्या आणि पाटाकडेच्या झाडांच्या फांद्या उतरवण्याचे. भरलेली ट्रॉली फांदीला अडते, वरच्या मोळ्या ओढल्या जाऊन रस्त्यावर पडतात. बांधावरच्या दाट झाडाच्या सावलीत ऊस बारीक राहतो, हे तर आपण डोळ्यांनी पाहतोच. तारांना फांद्या घासून मोटारी बंद पडतात ते वेगळेच. तेव्हा हे काम गरजेचे आहे यात वाद नाही.

या अंकात आम्ही बेणे, खत किंवा खोडवा यांवर लिहिणार नाही. झाडावर चढणाऱ्या माणसाच्या मनावर लिहिणार आहोत. शेतकी खात्याच्या माणसाने मनावर कशाला लिहावे, असे कुणी म्हणेल. त्याचे कारण आधी सांगतो.

आमच्या पदरी पडलेली चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव आणि माणसे यांची नावे घेत नाही. एका सभासदाच्या उसाची तोड दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती आणि फडाच्या तोंडाशी चिंचेची एक मोठी फांदी रस्त्यावर आडवी आली होती. आम्ही मोटारसायकल थांबवली आणि सांगून टाकले, "उद्या गाड्या येणार. फांदी आजच उतरवा, नाहीतर पाळी पुढं जाईल." सभासदाने फांद्या तोडणाऱ्या माणसाला बोलावले. गडी जुना, पोरपणापासून झाडावर चढणारा. सकाळीच दुसऱ्या एका झाडावरून त्याचा पाय निसटला होता, थोडक्यात वाचला होता. तो वर बघून म्हणाला, "मालक, आज हात बरा वाटंना." खाली दहाएक माणसे जमली होती. त्यातला एक हसला, "म्हातारा झालास व्हय रं?" गडी गप चढला.

त्याने फांदी सरळ वरून कापायला घेतली. खालून खाच घेतली नाही. निम्मी कापल्यावर फांदी फाटली, साल खोडापर्यंत सोलत आली आणि फांदीचा बुंधा उलटून त्याच्या पायावर बसला. तो बारा-तेरा फुटांवरून खाली आला. जीव वाचला, पण पाय दोन ठिकाणी मोडला. पुन्हा तो झाडावर चढला नाही.

सगळे म्हणाले, "गड्याची चूक झाली." आम्हीही तेच म्हणालो. पुढे त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, खालनं खाच घ्यायची हे मला ठावं न्हाई व्हय? शंभरदा घेतलीया. पर त्या टायमाला डोस्क्यात एकच, माणसं बघत्यात, लवकर उरकाय पायजे."

त्या दिवशी आम्हाला कळले की त्याला ज्ञान कमी नव्हते आणि धीरही कमी नव्हता. त्याची भीती बरोबर सांगत होती. ती कुणी ऐकली नाही, आणि घाई लावणाऱ्यांत पहिले आम्ही होतो.

भीती दोन जातींची

झाडावरच्या कामात दोन भित्या असतात. त्यांची सरमिसळ करू नये.

पहिली भीती धोक्याची. फांदी फाटेल, दोर तुटेल, तारेला हात लागेल, ही ती भीती. ही कामाची आहे. बांधावरच्या कुत्र्यासारखी ती वेळेवर भुंकते. जो म्हणतो, "मला कशाचंच भ्या वाटत न्हाई," त्याला आपल्या झाडावर चढवू नये.

दुसरी भीती चुकीची. मालक काय म्हणेल, लोक हसतील, मजुरी कापली जाईल, "याला काम येत नाही" असा बोभाटा होईल, ही ती भीती. ही माणसाचे लक्ष फांदीवरून काढून खालच्या माणसांकडे नेते. या भीतीपोटी माणूस विचारायचे ते विचारत नाही, दोर कच्चा वाटला तरी बोलत नाही आणि झालेली चूक लपवतो. म्हणजे चूक होऊ नये म्हणून जी भीती बाळगायची, तीच चुकीला जन्म देते.

पहिली भीती राखायची आणि दुसरी उतरवायची, एवढेच या लेखाचे सार आहे. ते कसे साधावे, ते पुढे पाहू.

ताणाखाली अंगात काय होते

माणूस घाबरला की छाती धडधडते, श्वास आखूड होतो, तळहाताला घाम सुटतो. पोटऱ्या थरथरतात. नजर एकाच जागी खिळते, आजूबाजूचे दिसत नाही. खालून मारलेली हाक ऐकू येत नाही. बोटांची बारीक कामे बिघडतात, म्हणजे गाठ मारणे, कडी अडकवणे. यात दुबळेपणा काही नाही. धावायला किंवा झुंजायला शरीर तयार होते, त्याचा हा परिणाम आहे. पण फांदीवर बसून धावता येत नाही आणि झुंजताही येत नाही. तिथे हवी शांत नजर आणि स्थिर बोटे.

आणखी एक लक्षात घ्यावे. ताणाखाली मन नवीन विचार करीत नाही, अंगवळणी पडलेले तेवढेच करते. म्हणून विचार खाली, जमिनीवर करून ठेवावा आणि वर फक्त ठरलेला क्रम पाळावा.

धीर यावा म्हणून काही जण घोटभर घेऊन चढतात. दारूने भीती मंदावते हे खरे, पण तिच्याबरोबर तोलही मंदावतो आणि अंदाजही. पिऊन आलेल्याला त्या दिवशी झाडाखालीसुद्धा उभे करू नये.

जाणत्याचाही विसर पडतो

"आम्हाला काय शिकवता, उभा जन्म झाडावर गेला," असे जुने गडी म्हणतात. त्यांचा मान राखून एक दाखला सांगतो. तो दूरचा आहे आणि कामही वेगळे आहे, पण मुद्दा तोच.

१९३५ च्या ३० ऑक्टोबरला अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन गावाजवळ बोईंग कंपनीच्या एका नव्या मोठ्या विमानाची चाचणी होती. चालवणारे वैमानिक कसलेले होते. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीच्या फळ्या हलू नयेत म्हणून त्यांना अडणा लावलेला असतो. तो काढायचा राहिला. विमान सरळ वर चढले आणि कोसळले. दोघे दगावले. त्यानंतर त्या लोकांनी वैमानिकांना आणखी धीट व्हा असे सांगितले नाही. एक साधी यादी केली. उड्डाणाआधी काय काय पाहायचे ते ओळीने लिहिले आणि दर वेळी ती वाचायचीच असा नियम केला. आज जगात कुठलेही प्रवासी विमान अशा यादीशिवाय उडत नाही.

जपानच्या रेल्वेतील माणसे याच्याही पुढे गेली. सिग्नल पाहिला की चालक त्याच्याकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतो. एकटा असला तरी बोलतो. डोळा, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीवर आले की मन भरकटत नाही.

विसर माणसाला पडतो, यादीला पडत नाही. आपल्या गड्यांना कागद वाचायची सवय नसली तरी पाच बोटे सगळ्यांना आहेत.

चढण्यापूर्वीची पाच बोटे

झाडाखाली उभे राहून एकेक बोट मोडावे आणि मोठ्याने बोलावे.

अंगठा, तार. पहिली नजर वर, तारेवर. फांदी किंवा तिचे पडणे तारेपर्यंत पोचण्याची शक्यता असेल तर काम सुरू करू नये. महावितरणच्या कार्यालयात सांगून लाइनमनकडून प्रवाह बंद करून घ्यावा आणि त्याने तोंडाने "बंद आहे" म्हटल्याशिवाय चढू नये. "लाइट गेलीया" म्हणून तार मेली असे समजणे हा प्राणघातक अंदाज आहे. भारनियमनात गेलेली वीज कुठल्या क्षणी येईल याचा भरवसा नाही, आणि कुणाचा जनरेटर उलटा प्रवाह तारेत सोडत असेल तर तेही खालून दिसत नाही. ओली, हिरवी फांदी वीज वाहते, हे विसरू नये. तार तुटून जमिनीवर पडली तर जवळ जाऊ नये आणि कुणाला जाऊ देऊ नये. १९१२ या क्रमांकावर कळवावे. आपण अगदी जवळ सापडलो तर लांब ढांगा न टाकता पाय जमिनीला घासत, पावलाला पाऊल लावून दूर सरकावे.

तर्जनी, झाड. कुठले लाकूड आहे? चिंच, बाभूळ चिवट. शेवगा, जांभूळ, सुबाभूळ यांची फांदी दिसते जाड, पण भरवशाची नसते. वाळकी फांदी, पोकळ खोड, बुंध्याशी उगवलेली अळंबी, पडलेला भुसा ही आतून कुजल्याची लक्षणे आहेत. आग्या मोहोळ आहे का ते सगळ्या बाजूंनी फिरून पाहावे. पाऊस पडून गेला असेल तर साल निसरडी असते, एक-दोन दिवस थांबावे. झाडच तोडायचे असेल तर आधी परवानगी पाहावी. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग, मोह, खैर, चंदन आदी झाडे स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याशी आदल्या दिवशी बोलून घ्यावे. गडी झाडावर आणि खाली दोन भाऊबंदांचे भांडण, यापेक्षा वाईट ताण दुसरा नाही.

मधले बोट, दोर. बैलाचा जुना कासरा माणसाच्या जिवासाठी नाही. दोर हातभर-हातभर सरकवत पूर्ण तपासावा. कमरेचा पट्टा घ्यावा आणि तो कापायच्या फांदीला न बांधता खोडाला किंवा वरच्या जिवंत, जाड फांदीला बांधावा. जागा बदलताना आधी दुसरी गाठ, मग पहिली सोडणे. कोयता, करवत कमरेला खोचून चढू नये, वेगळ्या दोरीने वर घ्यावी. पेट्रोलवरचे कटर मशीन शिडीवर उभे राहून चालवू नये आणि खांद्याच्या वर उचलू नये. त्याच्या पात्याचे टोक लाकडाला लागले की मशीन उसळून तोंडावर येते.

अनामिका, माणसे. झाड पाडायचे असेल तर झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात काम करणाऱ्याशिवाय कुणी नको. पोरेटोरे, जनावरे, शेळ्या दूर. खाली हाक देणारा एकच माणूस ठरवावा. दहा जणांनी दहा सूचना दिल्या की वरचा माणूस गोंधळतो. शब्दही ठरवून घ्यावेत. "सोडली" म्हणजे फांदी येते आहे. "थांब" म्हणजे हात जिथल्या तिथे.

करंगळी, मन. हे बोट लहान, म्हणून आजवर विसरले गेले. गड्याला सरळ विचारावे, "आज हात कसा आहे? झोप झाली का? घरी काही आहे का?" आणि "आज नको" असे उत्तर आले तर ते पंचांगातल्या अमावस्येसारखे मानावे. त्यावर वाद नाही आणि हसणे नाही.

कापण्याचा क्रम ठरलेला असावा

क्रम पाठ असला की निम्मी भीती जाते, कारण पुढचा हात कुठे जाणार हे माहीत असते. फांदी कापताना खोडापासून हात-दीड हातावर आधी खालून खाच घ्यावी. मग तिच्यापासून थोडे बाहेर, शेंड्याच्या बाजूला, वरून कापावे. वजन गेले की उरलेला ठोंबा खोडाजवळ कापावा. असे केले की फांदी साल सोलत अंगावर येत नाही.

उभे झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला बुंध्याच्या जाडीच्या सुमारे पाचव्या ते चौथ्या भागाइतकी पाचरीसारखी खाच घ्यावी. मग उलट बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, कापत यावे. पण आरपार जाऊ नये. मधे जाडीच्या सुमारे दहाव्या भागाइतकी लाकडाची पट्टी राखावी. ती दाराच्या बिजागरीचे काम करते आणि झाडाला दिशा देते. ती कापली की झाड कुठेही जाईल. कापणे सुरू करण्याआधी पळायची वाट साफ करावी. ती झाड पडण्याच्या दिशेच्या उलट, पण तिरकी असावी. अगदी पाठीमागे नको, कारण बुंधा मागे उसळतो.

वर असताना हात कापू लागले तर

घाबरल्यावर "घाबरू नको" म्हणण्याचा उपयोग नाही. पुढील गोष्टी कराव्यात.

१. हातातले काम थांबवावे. हत्यार दोरीवर सोडावे, मशीन बंद करावे.

२. खोडाला पाठ किंवा छाती लावावी. पट्टा बांधलेला आहे ना, ते हात लावून पाहावे.

३. श्वास सावकाश घ्यावा आणि घेतला त्याहून जास्त वेळ लावून सोडावा. असे आठ-दहा वेळा करावे. लांब सोडलेल्या श्वासाने धडधड उतरते.

४. भीती कशाची ते मोठ्याने बोलावे. "उजवी फांदी हलतीया." नाव न दिलेली भीती आभाळाएवढी असते, नाव दिले की ती एका फांदीएवढी होते आणि फांदीवर इलाज असतो.

५. पुढची एकच कृती ठरवावी. सगळे झाड डोळ्यापुढे आणू नये.

६. एवढ्यानेही थरथर गेली नाही तर खाली यावे. खाली येणे हे सुद्धा कामच आहे, त्याची मजुरी कापू नये.

खालच्याने या वेळी ओरडू नये. एकाच माणसाने शांतपणे बोलावे, "मी इथं हाय. दमानं घे."

मालकाने करावयाच्या गोष्टी

सभासद बंधूंनो, आपल्यापैकी बरेच जण स्वतः झाडावर चढत नाहीत, माणूस लावतात. तेव्हा त्याच्या मनावरचा ताण वाढवणे किंवा उतरवणे आपल्या हाती आहे.

हे काम उक्ते देऊ नये, रोजाने द्यावे. झाडामागे पैसे ठरले की घाई आपोआप येते. काम तोडीच्या आदल्या दिवसावर ढकलू नये, पंधरा दिवस आधी करावे. सकाळच्या उन्हात काम घ्यावे, दुपारी विश्रांती आणि पाणी द्यावे. एकट्या माणसाला कधीही चढवू नये. आणि वरच्या-खालच्या प्रत्येकाला, अगदी पोरसवदा गड्यालाही, "थांबा" म्हणायचा हक्क असावा. त्याचे "थांबा" दहा वेळा वायफळ निघाले तरी चालेल.

विम्याचे पाहावे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता २०२२ पासून वर्षाला २० रुपये आहे. त्यात १८ ते ७० वयाच्या बँक खातेदारास अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाखांचे संरक्षण मिळते. झाडावर चढणारा गडी बहुधा भूमिहीन असतो, सातबाऱ्यावर त्याचे नाव नसते, म्हणून शेतकऱ्यांसाठीच्या योजना त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. त्याला बँकेत नेऊन एवढे तरी करून द्यावे.

माणूस पडलाच तर त्याला उचलून बसवू नये, मान-पाठ हलवू नये. १०८ ला फोन करावा. पट्ट्यावर लोंबकळत राहिला असेल तर त्याला लवकरात लवकर खाली घ्यावे. बेशुद्ध माणूस पट्ट्यावर लटकत राहणे हेही जिवावरचे असते.

थोडक्यात वाचल्यावर

पाय निसटला पण पडला नाही, फांदी अंगाजवळून गेली, अशा गोष्टी आपण हसण्यावारी नेतो किंवा लपवतो. त्या दिवशीच, चहाच्या वेळी, सगळ्यांनी बसून बोलाव्यात. "कुणी चूक केली" असे विचारू नये. "काय झाले आणि पुढच्या वेळी काय करू" एवढेच विचारावे. ज्या टोळीत चूक सांगणाऱ्याला शिव्या बसतात, तिथे पुढची चूक कुणी सांगत नाही.

घाबरलेल्या माणसाला लगेच उंच झाडावर चढवून "भीती मोडू" नये. तसेच कायमचे घरीही बसवू नये. आधी जमिनीवरचे काम द्यावे, मग सात-आठ फुटांवरची फांदी, मग पुढे. पण रात्री दचकून उठणे, झोप न येणे, तोच प्रसंग डोळ्यापुढे येणे असे महिनाभर चालू राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करूनही मोफत सल्ला मिळतो. मोडलेल्या हाडावर आपण प्लास्टर घालतो. मनालाही मार बसतो, त्याचाही इलाज करून घेण्यात लाज नाही.

आमच्यापुरते

दुसऱ्यांना सांगताना स्वतःचे सांगणे भाग आहे. त्या चिंचेच्या प्रसंगापासून आम्ही आमच्यापुरता एक नियम केला. कुठल्याही सभासदाला "फांदी आजच उतरवा" असे आम्ही म्हणत नाही. फांदीमुळे गाडी अडत असेल तर मोळ्या डोक्यावरून मोकळ्या रस्त्यापर्यंत आणतात, नाहीतर पाळी दोन दिवस पुढे जाते. उसाचे वजन दोन दिवसांत थोडे घटेल. ते नुकसान पुढच्या खोडव्यात भरून निघते. मोडलेला पाय तसा भरून निघत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

तेव्हा येत्या हंगामाआधी आपापल्या बांधावरून एक फेरी मारा. कुठल्या फांद्या उतरवायच्या ते ठरवा आणि काम वेळेत काढा. आणि वर चढण्याआधी गडी म्हणाला, "मालक, आज हात बरा वाटंना," तर त्याला चहा पाजा आणि म्हणा, "उद्या बघू."

कळावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते